बॅटरीवरचा सामता

निमगाव केतकीत महिपती सुताराच्या हाताला मान होता. त्यानं आरे बसवून भरलेलं चाक दहा वर्षं कुरकुरत नाही, असं इंदापूरपर्यंतचे लोक म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. रस्त्याकडेला लिंबाच्या सावलीत त्याची छपरी होती. पलीकडे पानमळ्यांची हिरवी भिंत. छपरीत दिवसभर लाकूड तासायच्या वाकसाचा आणि रंध्याचा आवाज चालायचा, आणि भोकं पाडायची असली की सामत्याचा.

सामता म्हणजे सुताराचं भोक पाडायचं जुनं हत्यार. एक उभी दांडी, तिच्या खालच्या टोकाला पोलादी पातं, वर पकडायला मूठ. दांडीला चामड्याच्या वादीचे दोन वेढे द्यायचे. एकानं मूठ दाबून धरायची, दुसऱ्यानं समोर बसून वादीची दोन टोकं आलटूनपालटून ओढायची, ताक घुसळतात तशी. म्हणजे काम दोघांचं. महिपतीचा बाप होता तोवर बाप वादी ओढायचा. बाप गेला, भाऊ कोणी नव्हता, तेव्हा महिपतीची बायको कुशाबाई पदर खोचून समोर येऊन बसली. ते साल तेहतीस. तेव्हापासून बावीस वर्षं तीच ओढत होती.

कुशाबाई सुप्याची, सुताराचीच लेक. लहानपणी बापाचा ओळंबा धरून उभी राहायची. त्यामुळे असेल किंवा उपजतच असेल, तिच्या डोळ्याला वाकडं सहन व्हायचं नाही. चुलीवरचं भांडं जरा कललेलं असलं तरी हात आपोआप पुढं जायचा. सामत्यासमोर बसली की वादी ओढता ओढता ती हळूच म्हणायची, "डावीकडं." थोड्या वेळानं, "आता बरं." महिपतीचं मनगट तेवढं हलायचं. पण ते बोलणं त्याच्या मनापर्यंत कधी पोचलंच नाही. माशी बसली की हात हलतो, तसं ते होतं. त्या बोलण्यामध्ये बाकीचं बोलणंही चालायचं: लेक विजयमाला सुप्यालाच दिलेली होती, तिच्या सासरचं, कोणाची म्हैस व्याली, कोणाचं कोणाशी वाजलं. दुपार कधी उलटायची ते कळायचं नाही.

सन पंचावन्नच्या उन्हाळ्यात सर्जेरावांची नवी बैलगाडी बनवायला होती. सर्जेराव गावातले मोठे बागायतदार, तीन पानमळे आणि भाजीपाल्याची जमीन. गाडीचं काम बघायला ते दोनचार माणसं घेऊन छपरीत येऊन बसले होते. आसावर बसणाऱ्या बाभळीच्या ठोकळ्याला बोल्टाची भोकं पाडायची होती. ठोकळा चांगला वीतभर जाड. वरून धरलेलं भोक खाली नेमक्या खुणेवर निघायला हवं, नाहीतर लोहारानं केलेली पट्टी बसत नाही.

महिपती सामता दाबून धरून सर्जेरावांशी गप्पा मारत होता. बारामतीच्या बाजारात खिलारी खोंडांना काय मागणी आहे, असं काहीतरी चाललं होतं.

"अवो, कललंय," कुशाबाई म्हणाली.

तो बोलतच राहिला.

"कललंय म्हनते न्हवं." ती पुन्हा म्हणाली. चार परक्या माणसांपुढं याहून मोठ्यानं बोलायची रीत नव्हती.

"व्हय व्हय, तू ओढ," तो म्हणाला आणि खोंडांकडं परत वळला.

ठोकळा उलटा केला तेव्हा भोक खुणेपासून दीड बोट बाजूला निघालं होतं. सर्जेरावांनी वाकून पाहिलं. "महिपती, ह्ये रं काय? पार कडंला आलं की."

महिपतीच्या कानशिलांना चटका बसला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं, आणि झालं ते नेमकं यांच्यासमोर. तो हसला आणि म्हणाला, "काय करता सर्जेराव, बाईमाणसाच्या ओढीचं काम. वादीला हिसका बसला की सामता हालायचाच."

माणसं हसली. "मग येखादा गडी ठेव की," एकजण म्हणाला.

"ठेवायचाच हाय," महिपती म्हणाला.

कुशाबाईच्या दोन्ही हातांत वादीची टोकं होती. तिनं ती ठोकळ्यावर ठेवली, उठली, आत गेली आणि पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाकी काही नाही.

संध्याकाळी ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. त्यानं दोनचार उत्तरंही जुळवून ठेवली होती. तिनं पानात भाकरी वाढली आणि "कोरड्यास आनी देऊ का?" म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखी येऊन समोर बसली. ती विसरली, असं त्यानं धरलं. नंतर कितीतरी वेळा त्याच्या मनात आलं, त्या दिवशी ती भांडली असती तर सगळं निभावलं असतं. पण ती भांडली नाही, आणि आपण काय केलं हे आपल्याला कोणी सांगितलं नाही की माणूस ते केलं नाही असंच धरून चालतो.

मात्र एक गोष्ट त्या दिवसानंतर झाली. ती म्हणजे "डावीकडं" आणि "आता बरं" बंद झालं. वादी तेवढी चालायची. महिपतीला ते लक्षातही आलं नाही. इतकंच कळलं की हल्ली भोकं मनासारखी पडत नाहीत, आणि त्याचं खापर त्यानं तोंडानं नाही तरी मनात वादीवरच फोडलं.

त्याच पावसाळ्यात तो वालचंदनगरला एका ओळखीच्या फिटरकडं गेला असता त्यानं विजेचं ड्रिल पाहिलं. माणूस एकटा उभा, दोन्ही हातांत यंत्र, बटण दाबलं की घर्र करून लोखंडात भोक. महिपती अर्धा तास तिथून हलला नाही. पण ते यंत्र जाड वायरनं भिंतीला बांधलेलं होतं. निमगावात वीज कुठली? कंदील फुंकला की गावात काळोख.

त्याचा लहानपणचा मित्र सावळाराम बारामतीला मोटारस्टँडजवळ गॅरेजात मेस्त्री होता. लढाईच्या काळात चार वर्षं मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये काढून आलेला. महिपतीनं त्याला ते यंत्र वर्णन करून सांगितलं. सावळारामनं विडी विझवली.

"वीज न्हाय तर न्हाय. मोटारीला तरी कुठं वायर बांधल्याली असती? बॅटरीवर चालव."

"चालंल?"

"मिलिटरीच्या मालातल्या मोटरी पुन्याच्या जुन्या बाजारात पडल्यात ढिगानं. येक आनतो. तू लाकडाचं बघ, मी लोखंडाचं बघतो."

त्या दिवशी परत येताना एस.टी.त महिपती लहान पोरासारखा स्वतःशी हसत होता. घरी आल्यावर त्यानं कुशाबाईला सांगितलं, "तुझ्यासाठीच करतोय बघ. किती वर्सं वादी ओढायची? हाताला घट्टं पडल्यात तुझ्या."

"माज्यासाठी?" ती म्हणाली.

"मग कुनासाठी?"

ती धान्य निवडत होती. सुपातले खडे बाजूला करत तिनं विचारलं, "आन् मग मी काय करू?"

"बस की निवांत."

ती पुन्हा खडे वेचू लागली. हातांना घट्टे पडले होते हे खरंच होतं. म्हणून महिपतीलाही ते बोलताना आपण खोटं बोलतोय असं वाटलं नाही. पण डोळ्यांपुढं तिचे हात नव्हते. सर्जेराव आणि ती हसणारी माणसं होती.

यंत्र व्हायला वर्ष लागलं. सावळारामनं आणलेली मोटर सोललेल्या नारळाएवढी होती. चोवीस व्होल्टची. "बारावर हळू फिरंल, आपल्याला त्येच पाहिजे," तो म्हणाला. तरीही ती इतकी जोरात फिरली की पहिल्या दिवशी पात्यानं लाकूड कापण्याऐवजी जाळलं आणि गॅरेजभर धूर झाला. मग मोडक्या हातड्रिलाची दातेरी चाकं काढून मध्ये बसवली. पातं धरायचा जबडाही त्याच ड्रिलाचा. एकदा वायरी उलट्या जोडल्या आणि पातं उलटं फिरून लाकडातून वर येऊ लागलं. दोघंही वेड्यासारखे हसले. चालूबंद करायला बटण कुठलं घ्यावं हे सुचेना, तेव्हा सावळारामनं भंगारातल्या ट्रकचं हॉर्नचं बटण उपसून आणलं.

सगळं अंग महिपतीनं केलं, शिसवीचं. मोटर आत चपखल बसेल अशी पोकळी कोरली, हवा लागायला बाजूनं चिरा ठेवल्या, मागं मूठ दिली. अशी मूठ की हातात धरली की हाताचीच वाटावी. फटफटीच्या दोन बॅटऱ्या सागवानी पेटीत बसवल्या आणि ती पेटी कमरेला अडकवायला बैलाच्या जोताचा चामडी पट्टा लावला. एकदा बॅटरीतलं तेजाब सांडून त्याच्या धोतराला पाचसहा भोकं पडली. "ही मातुर सरळ पडल्यात," सावळाराम म्हणाला.

सन छप्पन्नच्या दसऱ्याला यंत्र छपरीत आलं. कुशाबाईनं इतर हत्यारांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. बघायला अर्धं गाव लोटलं. महिपतीनं पेटी कमरेला बांधली, बाभळीचा जुना ठोकळा समोर घेतला आणि बटण दाबलं. घर्र झालं, भुसा उडाला, आणि बघता बघता पातं पलीकडून बाहेर आलं. लोकांनी ठोकळा हातोहात फिरवला. सर्जेराव म्हणाले, "महिपती, इंजनेर झालास की रं! माझ्या नव्या घराच्या खिडक्या आता तूच करायच्या."

ती गर्दी पांगली तेव्हा त्याला दिसलं, कुशाबाई दारात उभी होती. हातात खुंटीवरून काढलेली वादी. तिनं ती गुंडाळली, माळ्यावर जुन्या सामानात नेऊन ठेवली आणि पायऱ्या उतरताना म्हणाली, "कातडं खाली ऱ्हायलं तर उंदरं खात्यात."

त्यानंतर ती छपरीत बसायला आली नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं. जेवण झाकून ठेवायची, पाण्याचा माठ भरून ठेवायची. यंत्र चालू असलं की त्याला दुसरं काही ऐकू येत नसे, आणि बंद असलं की छपरी फार मोठी वाटायची. महिनाभरानं तिनं सांगितलं, "चंद्राबाई मळ्यात बोलवत्यात. पानं खुडायला बाया कमी पडत्यात." चंद्राबाई सर्जेरावांच्या बायको, मळ्याचं सगळं त्याच बघायच्या.

"आपल्याला काय गरज हाय?" महिपती म्हणाला.

"गरज न्हाय," ती म्हणाली. "पन दिस जात न्हाय."

ती जायला लागली.

सर्जेरावांचं घर मळ्यातच उठत होतं. आठ खिडक्या, प्रत्येकीला सात गज. खिडकीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्टीत भोकं पाडायची आणि त्यातून लोखंडी गज ओवायचे. महिपतीनं चौकटी लाकडी घोड्यांवर आडव्या घातल्या, पेटी कमरेला बांधली आणि दोन दिवसांत, मध्ये एकदा बारामतीहून बॅटऱ्या भरून आणून, सगळी भोकं पाडली. हेच काम सामत्यावर आठ दिवसांचं. गवंडी, गडी सगळे येऊन बघून गेले. तो खुशीत होता.

लोहारानं गज आणले ते चार दिवसांनी. पहिल्या चौकटीत गज ओवले, चौकट भिंतीशी उभी केली, आणि महिपती दोन पावलं मागं सरला. सातही गज एका बाजूला झुकले होते. वाऱ्यानं ज्वारीचं ताट झुकावं तसे. त्यानं दुसरी चौकट उभी केली. तीही तशीच. आठही.

"यंत्रात दोस हाय," तो म्हणाला.

सर्जेराव घरात नव्हते, ही नशिबाची गोष्ट. यंत्र पिशवीत घालून त्यानं तडक बारामतीची एस.टी. धरली.

सावळारामनं यंत्र खोललं. पातं फिरवून बघितलं, जबडा बघितला, पुन्हा जोडलं. मग एक फळी आणून स्वतः भोक पाडलं आणि महिपतीला बाजूला उभं केलं. "बघ, कलतंय का?"

"न्हाय."

"आता तू पाड."

महिपतीनं पाडलं. सावळाराम बाजूनं बघत होता. "कललास," तो म्हणाला. "ही बघ, पेटी तुझ्या उजव्या कमरंला. वज्जानं खांदा पडतोय. तुला ते दिसायचं न्हाय. तू म्होरनं बघतोस, म्होरनं सरळच दिसतंय."

"मग काटकोनाचा गुन्या लावून पाडतो."

"लाव की. पन जोर देताना हात कलला तर गुन्या काय वरडून सांगनार हाय?" सावळाराम हात पुसत म्हणाला. "आमी वर्कशॉपात दुसरा मानूस उभा करायचो. येकानं पाडायचं, येकानं बाजूनं नजर धरायची. सामत्याला तर तुज्याकडं दुसरं मानूस असायचंच की. नजर कोन धरायचं?"

महिपतीनं पात्यावरचा भुसा पुसला. यंत्र पिशवीत घातलं. सावळाराम चहा सांगतो म्हणाला, तोही घेतला नाही.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून तो आपल्या मनगटाकडं बघत राहिला. बावीस वर्षं ते मनगट कोणाच्या सांगण्यावर हलत होतं, हे त्याला आता, पन्नाशीला टेकल्यावर कळत होतं. आणि ते सांगणं कधी थांबलं, तो दिवसही आठवला. सर्जेरावांची गाडी. खिलारी खोंड. कललंय म्हनते न्हवं. तिनं दोनदा सांगितलं होतं. दोनदा सांगून वर तिनंच बोल ऐकून घेतला होता. निमगाव येईपर्यंत त्यानं ठरवलं की घरी गेल्या गेल्या सांगायचं, चूक माझी होती.

घरी कुशाबाई ओसरीवर बसून पानांच्या देठांनी काळे झालेले हात राखेनं घासत होती. शेजारच्या लीलाबाई येऊन बसल्या होत्या. परक्या बाईसमोर काय बोलायचं म्हणून तो थांबला. लीलाबाई गेल्या तेव्हा ती चुलीपाशी होती, धूर झाला होता. जेवताना त्यानं तोंड उघडलं, पण निघालं ते वेगळंच.

"सर्जेरावांच्या खिडक्या वाकड्या झाल्यात. भोकं परत पाडाय लागत्यात."

"कानावर आलंय मळ्यात," ती म्हणाली.

"तू येशील का? बाजूला हुबं ऱ्हायला. नजर धरायला."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो आता काही बोलेल याची वाट बघत असल्यासारखं. महिपतीनं भाकरी मोडली.

"उद्या-परवा खुडायची पाळी हाय," ती म्हणाली. "रव्वारी येते."

रविवारी ती आली. त्यानं वाकड्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकून ती बुजवली होती. यंत्र चालू झालं की आवाजात बोलणं ऐकू येईना, तेव्हा तिनं हातानं खुणा करायला सुरुवात केली. बोट इकडं, बोट तिकडं, आणि सरळ झालं की तळहात खाली. दुपारपर्यंत त्याला असं वाटू लागलं की मधलं दीड वर्ष गेलंच नव्हतं. दोनतीन वेळा ती हसलीसुद्धा. एकदा भुसा त्याच्या मिशांवर बसला तेव्हा, आणि एकदा असंच. पुढच्या रविवारी उरलेली भोकं झाली. गज ओवले, चौकटी उभ्या केल्या. गज असे उभे राहिले की जणू ओळंबाच सोडलाय.

सर्जेराव आले. चंद्राबाई आल्या. गवंडी आणि दोन गडी होतेच. सर्जेरावांनी प्रत्येक खिडकीपाशी जाऊन एक डोळा मिटून पाहिलं. कुशाबाई चौकटींच्या पलीकडं भिंतीला टेकून उभी होती, डोक्यावरचा पदर सारखा करत.

"वा रं महिपती! आता कसं सरळ आलं गज! यंत्र सुधारलंस वाटतं?"

महिपतीच्या ओठांवर आलं होतं. यंत्र तेच हाय सर्जेराव, नजर हिची हाय. गाडीच्या टायमालाही हिनंच सांगितलं व्हतं, म्याच ऐकलं न्हाय. सगळं वाक्य तयार होतं, एस.टी.त तयार झालेलं. पण गवंडी बघत होता, गडी बघत होते, आणि दसऱ्याला म्हटलेलं ते "इंजनेर" अजून कानात गोड होतं.

"व्हय," तो म्हणाला. "जरा सुधारलं."

कुशाबाई तिथून निघाली. घाईनं नाही, रागानं नाही. चंद्राबाईंना म्हणाली, "येते मी, म्हशीचं बघायचं हाय," आणि बांधावरून चालू लागली. पेटी सोडून, यंत्र गुंडाळून महिपती निघाला तोवर ती पार रस्त्याला लागली होती. त्यानं पाय उचलले असते तर गाठली असती. उचलले नाहीत.

नंतर त्यानं पुन्हा तिला कामाला बोलावलं, एकदा नाही, चारदा. ती कधी नाही म्हणाली नाही. तिला त्या दिवशी काहीतरी असायचंच. मळ्यात पाळी, विजयमालेचं बाळंतपण, डोकं धरलेलं. पाचव्यांदा त्यानं बोलावलं नाही. बिरू नावाचा एक धट्टाकट्टा गडी ठेवला. बिरू सांगितलं तसा बाजूला उभा राहायचा, पण दोन डोळे असून त्याला काही दिसायचं नाही. भोक पडून गेलं की म्हणायचा, "मेस्त्री, जरा कललं की काय?"

बॅटऱ्या दुसऱ्या वर्षी बसल्या. सावळाराम म्हणाला, नव्या टाकू. महिपती म्हणाला, बघू. पेटीवर धूळ बसली. माळ्यावरून वादी खाली आली, सामता परत सुरू झाला, बिरू ओढू लागला. चाकं तो अजून भरायचा आणि लोक अजून चांगली म्हणायचे, पण त्याला स्वतःला त्यांतलं वाकडं दिसायचं.

कुशाबाई मळ्यात रमली. पानं एकसारखी निवडून रचायची तिची नजर अशी की चंद्राबाईंनी पुण्याला जाणाऱ्या करंड्या तिच्याच हातांनी भरायला सुरुवात केली. एकदा कुंपणाजवळून जाताना महिपतीला आतून तिचं बोलणं ऐकू आलं. कोणाची तरी नक्कल करत होती आणि बाया लोटपोट हसत होत्या. तो तिथंच थांबला. हे बोलणं तो ओळखत होता. वर्षानुवर्षं ते त्याच्यासमोर बसून चालायचं, आणि त्यानं अर्धंच ऐकलेलं असायचं.

एकोणसाठच्या थंडीत तो एक दार दुरुस्त करायला सर्जेरावांच्या घरी गेला. काम झाल्यावर ओसरीवर सर्जेराव एकटेच सापडले. इंदापूरला मामलेदार कचेरीत जायची त्यांची गडबड चालली होती. महिपती उभा राहून म्हणाला, "सर्जेराव, येक सांगायचं ऱ्हायलंय. ह्या खिडक्या सरळ हायत त्या कुशीमुळं. नजर तिची व्हती. यंत्र सुधारलं म्हनलो ते खोटं. आन् गाडीचं भोक वाकडं गेलं तवा तिनं दोनदा सांगितलं व्हतं. म्या ऐकलं न्हाय, आन् तिच्यावरच ढकललं."

सर्जेराव पटका बांधत होते. त्यांना काही आठवलं नसावं. "कंची गाडी? आरं, घरच्या बाया मदत करत्यातच की. त्यात काय येवढं?" आणि ते बाहेर पडले.

दिवस कलता कलता कुशाबाई मळ्यातून आली. करंडी खाली ठेवली, पाय धुतले आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर ओसरीवर टेकली.

"चंद्राबाई सांगत व्हत्या. दारामागनं ऐकलं म्हनं त्यांनी."

"व्हय. सांगितलं म्या."

"त्या दिशी गवंडी व्हता," ती म्हणाली. "दोन गडी व्हतं. सर्जेराव, चंद्राबाई. मी व्हते. आज कोन व्हतं?"

"सर्जेराव येकलेच."

तिनं मान हलवली. पायाला लागलेला चिखलाचा एक ठिपका राहिला होता, तो अंगठ्यानं पुसला.

"कुशे, माजं चुकलं," तो म्हणाला. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, आणि हे शब्द तो पहिल्यांदाच बोलत होता. "परत येशील का बसायला? यंत्र नगं, काय नगं. सामत्यावर."

"न्हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून समजूत घालायलाही जागा नव्हती. "मला आता तितं बरं वाटतंय." मग म्हणाली, "सांगितलंसा ते बरं केलं."

ते मनापासून होतं की नुसतं बोलायचं म्हणून, हे त्याला तेव्हा कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. ती उठून चुलीकडं गेली.

संसार पुढं नीट चालला. भांडण नाही, तंटा नाही. शेजारीपाजारी या दोघांचं उदाहरण द्यायचे. महिपती मात्र बदलला. तो ऐकायला शिकला. रोज जेवण झाल्यावर कुशाबाई सुपारी कातरत मळ्यातलं काहीबाही सांगायची. फुलाबाई काय म्हणाली, द्वारकाबाईची सून कशी फणकारली, पुण्याच्या व्यापाऱ्यानं करंडी उघडून काय विचारलं. तो हातातलं काम बाजूला ठेवून, एक शब्दही न सांडता सगळं ऐकायचा. त्यातल्या एकाही गोष्टीत तो नसायचा.